टर्बो घ्यावी की साधी? आधी तुमचा आरपीएमचा काटा बघा

प्रश्न: आमची जुनी गाडी आता थकली आहे, नवीन घ्यायची आहे. जी गाडी पसंत पडली तिच्यात दोन पेट्रोल इंजिनं मिळतात. एक १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो आणि दुसरं १.५ लिटरचं चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं. दोन्ही मॅन्युअल गिअरची. धाकटा भाऊ म्हणतो टर्बोच घे, दुसरी चढावर रडते. आमचा मेकॅनिक म्हणतो टर्बोच्या नादी लागू नका, पाच वर्षांत मोठा खर्च काढेल. शोरूममध्ये सांगतात की टर्बो ताकदही जास्त देते आणि ॲव्हरेजही. गाडी मुख्यतः मीच चालवते. रोज ऑफिसला सहा-सात किलोमीटर, सगळं खच्चून ट्रॅफिकमधून. वर्षातून दोन-तीनदा पाच माणसं आणि सामान घेऊन डोंगराळ रस्त्याचा लांब प्रवास. खरं सांगायचं तर सर्व्हिसिंग मी आठवण झाली की करते. आणि गाडी आम्ही विकत नाही, चालेल तोवर चालवतो. कुणाचं ऐकू?
– एक गोंधळलेली गिऱ्हाईक

उत्तर: तुम्ही १.५ लिटरची साधी घ्या.

आता हे का, ते नीट सांगतो. तिघांनीही तुम्हाला खोटं काही सांगितलेलं नाही, पण प्रत्येकाने आपल्या सोयीचा तुकडा सांगितलाय. भावाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं असेल. मेकॅनिकसमोर दिवसभर बिघडलेल्याच गाड्या येतात, न बिघडलेले टर्बो त्याला दिसणार कुठून? आणि शोरूमच्या कागदावरचे आकडे खरे असतात, फक्त ते ज्या परिस्थितीत मोजलेत त्या परिस्थितीत तुम्ही गाडी चालवत नाही.

आधी दोन शब्द यंत्राबद्दल. इंजिनाला पेट्रोल पाजणं सोपं असतं, घोडं अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येते, म्हणून जास्त ताकद हवी तर इंजिन मोठं करा किंवा जास्त वेगाने फिरवा, एवढेच मार्ग उरतात. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त धुराने एक चक्र फिरवलं जातं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, म्हणजे ही काही कालची टूम नाही. छोट्या गाड्यांमधली ही चक्रं पूर्ण भारात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतात. ही गती लक्षात ठेवा, तेलाचा विषय निघेल तेव्हा लागेल.

तुमच्या रोजच्या रस्त्यापासून सुरुवात करू, कारण गाडीचं नव्वद टक्के आयुष्य तिथेच जाणार आहे. पहिला गिअर, दुसरा, ब्रेक, पुन्हा पहिला. अशा ट्रॅफिकमध्ये आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, बहुतेक वेळ हजार ते पंधराशेच्या मध्ये घुटमळतो. तिथे धूर इतका कमी असतो की टर्बोचं चक्र दाब तयार करण्याइतकं फिरतच नाही. त्या क्षणी तुमच्या पायाखाली असतं ते फक्त एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन. दीड लिटरचं साधं इंजिन त्याच आरपीएमला उघड जास्त ओढतं. शिवाय ते पायाच्या मापात प्रतिसाद देतं: थोडं दाबलं, थोडी पुढे सरकली. काही छोट्या टर्बो गाड्यांत आधी काहीच होत नाही आणि मग एकदम ढकलल्यासारखं होतं. नव्या गाड्यांत ही चालढकल खूप कमी झाली आहे, पण गेलेली नाही. उघड्या रस्त्यावर हा धक्का मजेचा वाटतो. पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर क्लच सांभाळताना तो वैताग होतो.

आता चढ. इथे भावाचा मुद्दा तपासून बघू, कारण बहुतेक लोक इथेच निर्णय घेतात.

अशा जोडीचे कागदावरचे आकडे साधारण असे असतात. एक लिटर टर्बो: सुमारे १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनाचा दांडा फिरवणारा जोर), तोही १७५० आरपीएमच्या आसपासच मिळायला लागतो. दीड लिटर साधं: जास्तीत जास्त १४५ न्यूटन-मीटर, आणि तेही ४४०० च्या पुढेमागे. हे वाचून कुणालाही वाटेल की सामना संपला. पण टॉर्क म्हणजे ताकद नव्हे. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, आणि फेरे तुमच्या हातात असतात. १७५० ला टर्बो इंजिन साधारण ४३ हॉर्सपॉवर देत असेल, तर साधं इंजिन त्याच ठिकाणी जेमतेम ३० देईल. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये काटा १७५० वर असताना चढ लागला की टर्बो सहज निघून जाते आणि साधी कुरकुर करते. भाऊ ज्याला रडणं म्हणतो ते हेच. आता दुसऱ्या गिअरमध्ये या. गाडीचा वेग तोच, पण काटा २५०० वर जातो. तिथे साधं इंजिन ४५ च्या आसपास देतं. झाली बरोबरी. एका गिअरची किंमत.

मी बघतो की साध्या इंजिनाला दोष देणारे बरेच जण काटा अडीच हजारांच्या पुढे जाऊच देत नाहीत. आवाज वाढला की इंजिनाला त्रास होतोय असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. असं इंजिन सहा हजारांच्या पुढे फिरायलाच बनवलेलं असतं. गरम झालेलं इंजिन चढावर साडेतीन-चार हजारांवर दहा मिनिटं चाललं तर त्याचं काही वाकडं होत नाही. उलट वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गाडी रेटणं हेच इंजिनाला जास्त जाचक. त्यामुळे भरल्या गाडीने चढ चढताना तुम्हाला गिअर बदलावे लागतील, आवाज ऐकावा लागेल, आणि पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर आधी गिअर खाली आणून मग निघावं लागेल. वर्षातून दोन-तीनदा एवढं चालत असेल, तर चढाचा मुद्दा तुमच्यापुरता मिटला.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूने टाकायलाच हवी, ती म्हणजे उंची. वर जावं तशी हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर साधं इंजिन साधारण दहावा हिस्सा ताकद गमावतं, दोन हजार मीटरवर जवळपास पाचवा. टर्बोचं चक्र थोडं जास्त फिरून ही तूट बरीचशी भरून काढतं. तुम्ही अडीच-तीन हजार मीटर उंचीवर राहत असता, किंवा दर आठवड्याला तिकडे जात असता, तर मी आत्ता नेमकं उलट उत्तर लिहिलं असतं.

ॲव्हरेजचं काय? टर्बो फुकट ताकद निर्माण करत नाही. जास्त हवा आत गेली की तिच्या हिशेबात जास्त पेट्रोल जातंच. छोट्या टर्बो इंजिनाची खरी बचत होते ती हलक्या पायाने, एकसारख्या वेगाने चालवताना, कारण छोट्या इंजिनात घर्षण कमी आणि हवा ओढण्याचे कष्टही कमी. प्रयोगशाळेतली चाचणी बरीचशी अशीच सौम्य असते. पण पाय जड झाला, गाडी भरली, चढ लागला की चित्र पालटतं. दाबलेली हवा गरम असते, त्यामुळे पेट्रोल वेळेआधी पेटून नॉकिंग होण्याची भीती असते. ती टाळायला टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते, मुळातच कमी ठेवतात, बहुधा दहाच्या आसपास. चांगल्या साध्या इंजिनांत ते अकरा-बारा, काहींत तेराच्याही वर असतं, आणि कॉम्प्रेशन जास्त असलं की तेवढ्याच पेट्रोलातून काम जास्त निघतं. जास्त भारात टर्बो इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, वेळप्रसंगी आत थंडावा राहावा म्हणून जादा पेट्रोलही सोडतो. म्हणून त्याच टर्बो गाडीबद्दल एकजण खूश असतो आणि दुसरा कपाळाला हात लावतो. तुमच्या ट्रॅफिकमध्ये या दोन इंजिनांत मोठा फरक पडेल असं मला वाटत नाही. ॲव्हरेज हा तुमच्यासाठी निकालाचा मुद्दा नाही, एवढं धरून चाला.

निकालाचा मुद्दा तुम्ही स्वतःच एका वाक्यात लिहिलाय: "सर्व्हिसिंग आठवण झाली की."

टर्बोचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो त्यात बहुधा छर्रे नसतात. दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. एका टोकाला धूर, पेट्रोल गाडीत पूर्ण भारात नऊशे अंश सेल्सिअसच्या वर जाणारा. फेरे मिनिटाला दोन लाख. मधे ते तेल. इंजिनाच्या इतर भागांना जुनं, काळं पडलेलं तेल काही महिने सहन होतं. टर्बोला ते होत नाही. तेल भाजून त्याचा कोळसा होतो, तेलाची बारीक नळी तुंबते, दांड्यात खेळ येतो, मग शिट्टीसारखा आवाज आणि निळा धूर. तुमच्या मेकॅनिककडे अशाच गाड्या येत असणार, त्यामुळे त्याचं मत तसं झालं तर नवल नाही. पण टर्बो टिकत नाही हे सरसकट विधान मला मान्य नाही. गेली कित्येक वर्षं जवळपास प्रत्येक डिझेल गाडी आणि ट्रक टर्बोवरच चालतोय, आणि त्यातले कितीतरी लाखो किलोमीटर जातात. वेळेवर योग्य तेल मिळालेला पेट्रोल गाडीचा टर्बोही दीड-दोन लाख किलोमीटर जाताना सर्रास दिसतो. फरक मालकाच्या सवयीत असतो.

यावर मोटारींच्या इतिहासातला एक किस्सा मला फार आवडतो. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल या अमेरिकन कंपनीने जेटफायर नावाची गाडी काढली. सर्वसामान्यांसाठी कारखान्यातूनच टर्बो लावून आलेल्या पहिल्या दोन गाड्यांपैकी ही एक. तिचं कॉम्प्रेशन त्या काळच्या टर्बोच्या मानाने बरंच जास्त होतं, म्हणून नॉकिंग थोपवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारलं जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने अधूनमधून भरायची होती. इंजिनिअरांनी टाकी रिकामी झाली तर दाब कमी करण्याची सोयसुद्धा केली होती. लोकांनी टाकी भरलीच नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की शेवटी कंपनीने अनेक गाड्यांवरचे टर्बो काढून त्या जागी साधे कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बसवून दिले. यंत्र हुशार होतं हो, पण ज्यांच्या हातात दिलं त्यांना टाकीकडे बघायची सवय नव्हती.

आजच्या टर्बो गाडीत वेगळी टाकी भरावी लागत नाही, पण तुमच्यासारख्या वापरात आणखी एक अडचण आहे. सहा-सात किलोमीटरमध्ये इंजिनाच्या पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर येतो, तेल मात्र पुरतं तापत नाही. थंड इंजिनात थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली झिरपून तेलात मिसळतं, आणि तेल तापलं नाही तर ते उडूनही जात नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत हे जास्त होतं, आणि आजची बरीच टर्बो इंजिनं त्याच जातीची आहेत. याच जातीत दुसरा एक प्रकार होतो: कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून गाडी खेचली तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं आणि तो स्फोट इतका जबर असू शकतो की पिस्टन फुटतो. तेलाचे अलीकडचे दर्जे (एपीआय ही ते ठरवणारी अमेरिकन संस्था), २०१८ चा एपीआय एसएन प्लस आणि २०२० चा एपीआय एसपी, हे दुखणं डोळ्यांसमोर ठेवून बनवले गेले. तेव्हा टर्बो घेणाऱ्याने डबा बघून तेल भरायला हवं, "कुठलंही चांगलं टाका" म्हणून चालत नाही.

छोट्या अंतराचा जाच साध्या इंजिनालाही असतो. गाडीसोबतचं पुस्तक उघडा, सततच्या छोट्या फेऱ्या आणि तुंबलेलं ट्रॅफिक यांची गणना बहुतेक कंपन्या कठीण वापरात करतात आणि तेल लवकर बदलायला सांगतात. त्यामुळे साधी गाडी घेतली म्हणून सर्व्हिसिंगला सुट्टी मिळाली असं समजू नका. एवढंच की दोन महिने उशीर झाला तर साधं इंजिन बहुधा चालवून घेईल. टर्बोच्या बाबतीत मी तेवढी खात्री देणार नाही.

आणि तुम्ही गाडी विकत नाही. बारा-चौदा वर्षांच्या हिशेबात दर जास्तीच्या भागाला महत्त्व येतं: टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, त्यांच्यामधले रबरी पाइप, दाब सोडणाऱ्या झडपेचा पडदा, त्याचे सेन्सर. हे सगळं बिघडेलच असं नाही. पण जे गाडीत नाही ते बिघडू शकत नाही. पाच-सहा वर्षांत गाडी बदलणाऱ्या माणसाला हा मुद्दा मी सांगितलाही नसता.

मग टर्बो कुणी घ्यावी? जो रोज मोकळ्या रस्त्यावर लांब जातो, ज्याला वारंवार ओव्हरटेक करावं लागतं, ज्याची गाडी दर आठवड्याला भरून डोंगर चढते, ज्याला गिअर बदलायचा कंटाळा आहे पण तेलाची तारीख पाठ आहे. तुमचा भाऊ यात बसत असेल तर त्याने खुशाल घ्यावी आणि मजा करावी. चांगलं टर्बो इंजिन चालवायला साध्यापेक्षा जास्त आनंद देतं, हे मी नाकारणार नाही. दोन हजार आरपीएमला पाय ठेवल्याबरोबर गाडी जशी उचलते, ते सुख साध्या दीड लिटरमध्ये नाही.

शोरूममध्ये कदाचित त्याच गाडीचं हायब्रिडही दाखवतील. त्यातही बहुधा साधंच इंजिन असतं, आणि खालच्या आरपीएमची तूट विजेची मोटर भरून काढते. तुंबलेल्या ट्रॅफिकसाठी तो या दोन्हींपेक्षा चांगला पर्याय आहे. परवडत असेल तर जरूर बघा, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

बुकिंगआधी दोन्ही गाड्या चालवून बघा, मात्र विक्रेत्याने ठरवलेल्या गुळगुळीत रिकाम्या रस्त्यावर नको. घरातली चार माणसं मागेपुढे बसवा, एसी चालू ठेवा आणि जवळच्या एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा काढा. मग ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहून बघा, क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजा. चढावर साध्या गाडीला गिअर खाली आणून चार हजारांपर्यंत फिरवा आणि तो आवाज तुम्हाला चालतो का ते ठरवा. तो सहन होत नसेल, सरळ राग येत असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवून टर्बो घ्या. मात्र त्याच दिवशी फोनमध्ये तेल बदलण्याची आठवण लावा, पुस्तकातल्या कठीण वापराच्या अंतराप्रमाणे. आणि लांब चढ संपवून थांबलात की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या.

साधी घेतलीत तर विक्रेत्याला एवढं विचारून घ्या की पेट्रोल झडपांच्या मागे फवारलं जातं की थेट सिलिंडरमध्ये. झडपांच्या मागे असेल तर पेट्रोलने झडपा धुतल्या जातात आणि काही वर्षांनी त्यांच्यावरचा काजळीचा थर खरवडून काढायची वेळ सहसा येत नाही. दीड लिटरच्या साध्या इंजिनांत बहुधा तेच असतं, पण कागदावर बघून खात्री करा.